रविवारच्या आधी

“दाबा,” प्रोफेसर म्हणाले.

निवृत्ती मास्तरानं बटण दाबलं. पडद्यामागून “माय वं” असा आवाज आला.

प्रोफेसर नागपूरहून आले होते. चिखलीच्या एका शाळेत नुकतीच वीज आली होती. तिथली एक खोली सुट्टीपुरती मागून घेऊन ते संशोधन करत होते. शिक्षा केली की पाठांतर सुधारतं का, हे त्यांना पाहायचं होतं. पडद्यामागं एक वयस्कर शेतकरी खुर्चीला बांधलेला आहे, असं त्यांनी सांगितलं होतं. तो चुकला की मास्तरानं बटण दाबायचं, त्याला झटका बसायचा. दर चुकीला झटका वाढायचा. कोपऱ्यात एक मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन बसली होती. निवृत्तीनं तिच्याकडे नीट पाहिलंही नव्हतं.

त्याचं मन रविवारात होतं. रविवारी बीबी गावी शेषरावांच्या मुलीला, शालूला, पाहायला जायचं होतं. बोलणी वडिलांनी केली होती. त्यानं ना मुलगी पाहिली होती, ना तिचा बाप. नोकरी तेवढी कायम व्हायची होती, आणि मदत करणाऱ्या मास्तरांबद्दल प्रोफेसर शिक्षणाधिकाऱ्यांकडे शब्द टाकणार होते.

आतला माणूस पुन्हा चुकला. मग पाणी मागू लागला. मुलगी उठली. प्रोफेसरांनी तिला हातानंच बसवलं.

“दाबा.”

निवृत्तीनं हात मागं घेतला. “बुवाचा आवाज बसून राह्यला साहेब. मी नाही दाबत.”

प्रोफेसरांनी शांतपणे समजावलं. जबाबदारी त्यांची होती. आधीच्या सगळ्या मास्तरांनी कुरकुर न करता शेवटपर्यंत दाबलं होतं. मग त्यांनी आवाज खाली आणला.

“नोकरी गेली तर मुलगी कोण देईल तुम्हाला?”

आईनं रविवारसाठी सदरा धुऊन, घडी करून गादीखाली ठेवला होता. निवृत्तीला तो आठवला.

“नाही देत तर नाही देत,” तो म्हणाला. “बाई, तांब्या द्या इकडे. आन् साहेब, मी हे शिक्षणाधिकाऱ्याले जाऊन सांगतो.”

त्यानं तांब्या घेतला आणि पडदा ओढला.

शेतकरी खुर्चीत मांडी घालून सुपारी कातरत बसला होता. ना दोरी, ना तार.

“झटका-बिटका काही नाही मास्तर,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. “प्रोफेसर माये मेहुणे. कोण थांबते हे त्यायले पाहाचं होतं, म्हणून आठवडाभर बोंबलून राह्यलो. थांबवणारे तुम्हीच पयले.”

निवृत्तीला आधी राग आला, मग हसू आलं. प्रोफेसरही हसले. शब्द टाकणारच, म्हणाले, आणि दुसऱ्यांपेक्षा जरा जोरात.

शेतकरी तांब्या तोंडाला लावून घटाघटा पाणी प्यायला. म्हणाला, घरची लक्ष्मी असती तर तिनं माणूस नुसता चालण्यावरून ओळखला असता. आपल्याला तसं जमत नाही, म्हणून हा खटाटोप. मग तो कोपऱ्याकडे वळला.

“काय वं शालू, झालं का तुयं पाहून?”