आजची चिमा

“हजेरी घेताना मान वर करू नका. तोंडं बघत बसाल तर तिथंच दुपार होईल.” बदली होऊन जाताना आप्पा गुरुजींनी एवढंच सांगितलं होतं. दमयंतीबाईंनी ते पाळलं. सावर्ड्याजवळच्या वाडीवरची शाळा, चार इयत्ता, एकाहत्तर मुलं आणि त्या एकट्या. नाव घ्यायचं, ‘हजर’ ऐकायचं, खूण करायची.

फळ्यावर मंगळवार, १० डिसेंबर १९८५. तिसरी गणितं सोडवत होती, चौथी कविता उतरवत होती, पहिली नुसतीच बसली होती. बाईंनी दुसरीतल्या चिमाला उभं केलं.

“सातचा पाढा.”

ती सात दुणे चौदावर अडली.

“काल तर घडाघडा म्हणालीस.”

“काल ती व्हती.”

“ती कोण?”

“चिमा.”

सगळी शाळा हसली. “बाई, ही खोटी चिमा!” चौथीतला रघू ओरडला. “येक दिवस ही, येक दिवस ती. तुमाला म्हाईतच न्हाय?”

बाईंनी मान वर केली. झगा कालचाच होता. चेहरा कालचा होता का, ते त्यांना आठवेना.

“तुझं नाव काय गं?”

“गंगा. घरात बारकं पोर हाय. आयशीनं सांगितलान, येकीनं पोर धरायचं, येकीनं शालंत जायचं. नाव येकीचंच घातलान.”

“कधीपासून?”

“पयलीपासना.”

बाईंनी हजेरीपट चाळला. चिमा एकही दिवस गैरहजर नव्हती. गेल्या वर्षी पूर्ण हजेरीचं बक्षीस, एक वही, तिलाच दिलं होतं.

“आता नाव कापनार?” गंगाने विचारलं.

“नाही. तुझंही घालीन. शाळा सुटली की येते तुझ्या घरी.”

त्यांना राग आला नाही. रडूही आलं नाही. पहिलीत कुणीतरी पाटी फोडली होती, त्या तिकडे गेल्या.

पाच वाजता त्यांनी प्रवेशाचा कोरा अर्ज पिशवीत घातला. आईच्या अंगठ्यासाठी शाईची डबी घेतली. दाराला कडी लावली. गंगा पायरीवर थांबली होती.

“बाई, मंग उद्या कोनी यायचं?”

“दोघींनी.”

“आन् पोर?”

बाईंनी चपला घातल्या आणि तिच्यामागून वाडीची चढण चढू लागल्या.