जोतीरामचा कॅन

ट्रॉलीवरचा कॅन धाडकन आडवा झाला आणि ती ढकलणारा दादासो असा काही ओरडला, की वरच्या गॅलरीत उभ्या असलेल्या क्रांतीला वाटलं, याला नाटकातच घ्यायला पाहिजे.

तिनं लगेच भोंग्याचं बटण दाबलं. ॲसिड सांडलं तर काय करायचं, याच्या सरावाचं ड्रिल अकराला ठरलं होतं, अजून थोडा अवकाश होता. पण जोतीरामला कधी दम निघालाय?

जोतीराम म्हणजे कंपनीचा टेंपो ड्रायव्हर आणि गावच्या सोंगी भजनातला हुकमी राक्षस. ड्रिलसाठी खोटं ॲसिड करून आणायचं काम क्रांतीनं त्याच्यावर सोपवलं होतं. नवाकोरा कॅन, त्यात रंगीत पाणी, आणि तो कॅन वाटेत आडवा होईल असा सैलसर, गुपचूप ट्रॉलीवर चढवायचा. ही गोष्ट फक्त दोघांत होती.

"अगदी खऱ्यासारखं दिसलं पाहिजे," ती म्हणाली होती.

"काळजी सोडा मॅडम. घरची काकवी घालतो की थोडी. बघणारा तोंडात बोट घालील!"

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या या कारखान्यात लोखंडी भागांना जस्ताचा मुलामा देत. त्याआधी ते भाग सल्फ्युरिक ॲसिडात बुडवून साफ करायचे. ॲसिड म्हटलं की सेफ्टी ऑफिसर आलाच. ती ही क्रांती, अजून कच्च्या नोकरीवर.

मागच्या ड्रिलला पार शोभा झाली होती. निम्मे लोक सेल्फी काढत होते, आणि पॅकिंगच्या आदर्शनं तर सांडलेल्या 'ॲसिडा'वर पाण्याची अख्खी बादली ओतली होती.

"खरं असतं ना, तर ते पाणी जागेवर उकळून तुझ्या तोंडावर उडालं असतं," क्रांती कळवळून म्हणाली होती. आदर्श दात काढत राहिला. मालक उदयसिंह मात्र हसले नव्हते.

"म्होरल्या बारीला असं झालं तर पुण्याची सेफ्टीवाली एजन्सी बघावी लागंल, मॅडम. मग तुम्हाला ठेवून काय करू?"

त्या दिवसापासून क्रांतीनं भाषणं बंद केली. काकवीची बाटली घेऊन ती कॅन्टीनमध्ये गेली आणि पाण्याच्या ग्लासात धार सोडली. काकवी सरळ तळाला जाऊन बसली.

"जड आहे, म्हणून खाली गेली. घट्ट आहे, म्हणून सावकाश वाहते. आपलं ॲसिड याच जातीचं. ते तुम्हाला थोडा वेळ देतं. त्या वेळात वाळूचा बांध घाला. पाणी मारू नका."

आणि मालकांच्या मागे लागून तिनं एक कबूल करून घेतलं होतं. ड्रिलमध्ये एकही चूक झाली नाही, तर सगळ्यांना तांबडा-पांढरा रस्सा आणि मटणाचं ताट. कोल्हापूरच्या माणसाला याहून मोठं आमिष नाही.

खाली फरशीवर तो द्रव आळसावल्यासारखा पसरत होता. क्रांतीला हसू आलं. काकवीत पठ्ठ्यानं हात आखडता घेतलेला नव्हता.

दादासोच्या अंगावर एप्रन, पायांत गमबूट, तोंडावर शील्ड. एप्रनवर चार शिंतोडे उडाले होते. तो कुणाकडे न बघता सरळ अंगावरचं ॲसिड धुवायच्या शॉवरखाली जाऊन उभा राहिला. लाइनवरच्या सोनमनं हातमोजे, गॉगल चढवले, बाकीच्यांना मागं हटवलं आणि वाळूच्या बादल्या मागवल्या. एवढ्यात आदर्शनं सवयीनं पाण्याची बादली उचलली.

सोनमनं त्याचं मनगट धरलं. "रस्सा घालवतोस व्हय रं? ठेव ती खाली!"

"इसरलोच की गं!" आदर्शनं जीभ चावली आणि वाळूकडं धाव घेतली.

कडेला पडलेल्या पोत्याला ओल लागली, तसं ते काळंकुट्ट पडलं. बांध पुरा झाल्यावर सोनमनं ॲसिड मारायची सोड्याची भुकटी लांबूनच टाकायला घेतली. फस्सकन फेस वर आला.

उदयसिंह दोन पावलं मागं सरले. "ह्यो काय प्रकार वो?"

"लिंबू पिळलं असणार जोतीरामनं," क्रांती म्हणाली. "कलाकार माणूस आहे, साहेब."

"मग नाटकात पैसे मिळवंल की ह्यो गडी!" मालक खो खो हसले.

फेस शांत झाला. ओली वाळू फावड्यानं ड्रमात गेली, झाकण लागलं. क्रांती खाली आली ती थेट शॉवरपाशी.

"दादासो, काय ओरडलास रे! अंगावर काटा आला."

"मॅडम, चाक खरंच अडकलं की वो!"

सगळे पोट धरून हसले. दादासो कुडकुडत म्हणाला, "आता येऊ का भाईर? गारठलो."

"अजून नाही. नियम म्हणजे नियम."

उदयसिंहांनी सगळ्यांसमोर हात वर केला. "एजन्सी गेली उडत! मॅडम, सोमवारपास्नं तुमची नोकरी पक्की. आणि मटण आजच!"

शिट्ट्यांनी पत्रे दणाणले. क्रांतीचे डोळे भरून आले. ही माणसं ऐकत नाहीत म्हणून ती किती रात्री तळमळली होती, आणि आज प्रत्येकानं तिचा शब्द न् शब्द पाळला होता.

"अरे, जोतीरामला बोलवा," ती म्हणाली. "पहिलं ताट त्याचं."

पण जोतीरामला सकाळपासून कुणी बघितलंच नव्हतं. एवढ्यात तिचा फोन वाजला. त्याचाच होता.

"मॅडम, रागावू नगासा. हातकणंगल्याजवळ टेंपो पंक्चर झालाय. काकवीचा कॅन माझ्यापाशीच हाय. मी आल्याबिगर ड्रिल चालू करू नगासा."