मधलं कपाट

सोलापुरातल्या त्या पालिका शाळेत एकाच खोलीत दोन वर्ग भरायचे आणि मधे भिंत म्हणून लोखंडी कपाट उभं असायचं. कपाटाच्या अलीकडे पुण्याहून महिनाभराच्या बोलीवर आलेल्या मृण्मयीची चौथी, पलीकडे गाजूलबाईंची दुसरी. आजच्या तपासणीत चौथी नापास झाली, तर मृण्मयीला पुण्याची गाडी धरावी लागणार होती.

तपासणीला आलेल्या साहेबांनी चौथीला तेराचा पाढा विचारला. चौथी जमिनीकडे बघत बसली. तेवढ्यात कपाटामागून दुसरीनं तो शेवटपर्यंत खणखणीत म्हणून टाकला.

साहेब पलीकडे गेले आणि त्यांनी दुसरीला तिची फुलपाखराची कविता विचारली. दुसरी गप्प. अलीकडून चौथी मात्र हातवाऱ्यांसकट सुरू झाली.

"स्वतःच्या बाईंचं कोण ऐकतंय हो, साहेब," गाजूलबाई शांतपणे म्हणाल्या. "शेजारच्या बाईंचं मात्र कान टवकारून ऐकतात की."

साहेबांनी गंभीरपणे शेरा लिहिला: 'दोन्ही वर्गांची तयारी उत्तम. कपाट आणि बाई, दोन्ही हलवू नयेत.'

मृण्मयीनं हसू दाबत व्हरांडा गाठला आणि घरी फोन लावला.

"आई, माझी गादी पाठवून दे. कपाट नको, इथं चांगलं आहे."