दारासमोरचे पट्टे

आजींनी दुसरी बादली ओतली आणि चुन्याच्या फक्कीनं आखलेले, रस्ता ओलांडायचे पट्टे गटाराकडे वाहून गेले.

"आख पुन्हा! पुन्हा धुते. नळाला पाणी आहे आणि माझ्या हातात अजून जोर आहे!"

पाणी रस्ता आखणाऱ्या बाईंच्या चपलांत शिरलं. पाय चिंब भिजले, तरी तळपायाची आग मस्तकात जायची ती गेलीच.

बाईंची कामाची रीत वेगळी होती. पक्का रंग मारण्याआधी त्या फक्कीनं पट्टे आखायच्या आणि चार दिवस लोकांना त्यावरून रस्ता ओलांडू द्यायच्या. कोण कुठून वळतं, कोण कुठे घाबरून थांबतं, हे बघून मगच जागा पक्की करायच्या. ऑफिसात याची टिंगल व्हायची. "रस्ता गाड्यांसाठी असतो हो. तुम्ही लोकांचे लाड करत बसता," असं साहेब तोंडावर म्हणायचे. साहेबांना हे पट्टे पेट्रोल पंपापाशी हवे होते. बाई त्यांच्याशी कडाकडा भांडल्या आणि पट्टे गल्लीच्या तोंडाशी, आजींच्या दारासमोर घेऊन आल्या. त्याला कारणही आजीच होत्या.

रस्ता रुंद झाल्यापासून आजींच्या तोंडी एकच गाणं होतं. मुलगा समोरच्या बिल्डिंगमध्ये राहतो, गॅलरीत आला की इथून दिसतो, आणि मधून या गाड्या सुसाट! "मेल्या रस्त्यानं माझा लेक तोडला," असं त्या दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना ऐकवायच्या. पहिल्या भेटीत बाईंनाही ती गॅलरी दाखवून ऐकवलं होतं. तेव्हा बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आणि आता ही म्हातारी अंगावर बादल्या ओतत होती!

"आजी, उद्या साहेब बघायला येणार आहेत," बाई दात आवळून म्हणाल्या. "इथे पट्टे दिसले नाहीत, तर ते पंपापाशी जातील. मग गल्लीतली पोरं जीव मुठीत धरूनच शाळेत जाणार. चालेल?"

"पोरांना त्यांच्या आया आहेत. तू तुझी फक्की उचल आणि चालती हो."

कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार मध्ये पडला. "अहो आजी, सगळ्या गल्लीचं भलं होतंय, आणि तुम्ही..."

"तू गप रे! गिऱ्हाईक वाढणार म्हणून पुळका आलाय तुला. बोलावलं होतं कोणी?"

दुकानदार हात झटकत दुकानात गेला. एवढ्यात बाईंना समोरच्या गॅलरीत आजींचा मुलगा दिसला. कठड्याला रेलून तो मजेत हा तमाशा बघत होता. बाईंना हायसं वाटलं. त्यांनी दोन्ही हात हलवून त्याला खाली बोलावलं. त्यानं पाहिलं, मग आत जाऊन दार लावून घेतलं. गाड्यांच्या गर्दीला घाबरला असेल बिचारा, असं बाईंना वाटलं, आणि आजींचा त्यांना आणखीच राग आला.

"बघितलंत? त्याला यायचंय, पण येता येत नाही! त्याच्यासाठी मी साहेबांशी वैर घेतलं. आणि तुम्ही? रस्त्याच्या नावानं रडायचं आणि कोणी सुधारायला आलं की पाणी ओतायचं! तुम्हाला मुलगा नकोच आहे. रडायला निमित्त हवंय फक्त."

जरा जास्तच झालं, हे बाईंना कळलं. पण त्या क्षणी शब्द मागे घेण्याइतक्या त्या भल्या नव्हत्या.

आजींनी बादली खाली ठेवली. दुकानदार ऐकत नाही ना, हे आधी वळून पाहिलं. मग बाईंच्या अगदी जवळ आल्या. आवाज खाली आला, राग तसाच होता.

"हा रस्ता दोन पावलांचा होता ना, तेव्हाही तो येत नव्हता. आता कोणी विचारलं तर सांगता तरी येतं, की रस्ता आडवा आला. तुझे पट्टे झाल्यावर काय सांगू गं?"