भीमनगरची पटकी

"पटकीची साथ भीमनगरात आहे. त्या वस्तीकडं कोणीही जाऊ नये." जीपवरचा भोंगा तिसऱ्यांदा बोलला. लातूर जिल्हा नवा, जीप नवी, आवाजही कसा खणखणीत.

भीमनगरची सरजाबाई रिकामी घागर घेऊन जीपमधल्या साहेबापाशी थांबली. तिचा नवरा ग्यानोबा कालपासून उलट्या-जुलाबानं आडवा होता. दुष्काळात भीमनगरचा आड आटला, तेव्हापासून वस्तीला गावच्या बारवेचंच पाणी.

"साहेब, पहिल्यांदा बसलिंगप्पा शेटच्या पोराला झालं. मी त्यांचं अंगण झाडते. गुपचूप उदगीरला नेलं त्याला."

"आमच्या कागदावर पहिला रोगी भीमनगरचा आहे. तुमच्या घागरींनी बारव बिघडली म्हणतात."

सरजाबाईला हसावं की रडावं कळेना. "आमची घागर बारवेत कधी बुडली साहेब? आमी कठड्याबाहेर उभं राहतो. गावच्या बाया वरून पाणी वाढतात."

साहेबानं कागदाची घडी घातली. जीप पुढं गेली.

ती बारवेवर आली तशा बाया लांब सरकल्या. बसलिंगप्पाची बायको गुरम्मा तेवढी जागची हलली नाही. सरजाबाई घागर ठेवून मागं झाली. गुरम्मानं वरून पाणी ओतलं; अर्धं घागरीत, अर्धं धुळीत.

सरजाबाई घागर उचलायला वाकली तसा गुरम्माचा दबका आवाज आला. "उकळून दे गं त्याला. आमच्यात आठ दिवस झाले, उकळूनच घ्यायलोत."

"मग हे त्या भोंग्याला सांगा की, अक्का."

गुरम्मानं लांब गेलेल्या जीपकडं पाहिलं, मग बायांकडं. तिचे ओठ हलले. पण तिनं पदर सावरला, आपली कळशी उचलली आणि घराची वाट धरली.

एवढ्या भरल्या गावात आपलं म्हणून एक माणूस नाही, असं सरजाबाईला वाटलं. घागर उचलायचंही तिला सुधरेना.

गुरम्मा गेली तशी लांब सरकलेल्या बायांतली धुरपताबाई पुढं झाली. उन्हानं तिचं तोंड लाल झालं होतं. तिनं पोहरा वर ओढला.

"धुरपताबाई, ते पाणी तसं पिऊ नका. उकळून..."

"तू लांब हो आधी," धुरपताबाई म्हणाली, आणि पोहरा कलता करून ओंजळीनं पोटभर पाणी प्याली.