देवीची ओळखपरेड

“गुरवकाका, नीट बघा. हीच का तुमची चोरीला गेलेली देवी?” फौजदारांनी टेबलावरचं फडकं ओढलं.

तातोबा गुरव टेबलावर वाकला. चोरांच्या टोळीने मूर्ती विकण्यासाठी शेंदराचे थर खरवडून काढले होते आणि खालून पंचधातूचा एक देखणा पुरुष निघाला होता. चांगल्या पिळदार मिशांसकट.

पिढ्यान्‌पिढ्या ज्याला नऊवारी नेसवली, दर नवरात्रात ज्याची ओटी भरली, तो हा गृहस्थ शांतपणे तातोबाकडे बघत होता. त्याची तशी काही तक्रार दिसत नव्हती.

“ओळख पटली तरच गावाला देता येईल,” फौजदार म्हणाले. “नाहीतर संग्रहालयात जाईल.”

बाहेर अख्खा गाव ढोलताशे घेऊन आईला न्यायला आला होता. सरपंचबाई खण-नारळ घेऊन उन्हात उभ्या होत्या.

“हीच,” तातोबा कसाबसा म्हणाला. “आमची आईच आहे ही.”

“आणि ह्या?” फौजदारांनी मिशांकडे बोट केलं.

तातोबाने मूर्तीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. पळायला वाट नव्हती. त्याचे डोळे भरून आले.

“साहेब, एकटी बाईमाणूस, चार दांडगट चोरांच्या तावडीत सापडलेली,” तो हात जोडून म्हणाला. “वेश पालटला असेल हो तिने!”