देखरेख

"रॅम तेवढी वाढवून दे. बाकी काही बघत बसू नकोस," मेघाली म्हणाली.

प्रणितने ऐकलं नाही. टिटवाळ्याच्या दुकानात रोज दहा कॉम्प्युटर उघडणारा हा तिचा धाकटा दीर. नवा भाग घ्यायच्या आधी जुन्याची नाडी बघायचीच, ही त्याची खोड. कळव्याच्या तिच्या खोलीत तो कॉम्प्युटरसमोर तिच्या खुर्चीत बसला, ती मागे उभी राहिली. एका कंपनीचे फॉर्म घरून भरायचं तिचं काम. 'स्पीड कमी आहे' असा मेसेज या आठवड्यात दोनदा आला होता. तिसऱ्यांदा आला की नोकरी गेली. आधी तिला या मेसेजची धडकी भरायची. आता काहीच वाटत नव्हतं.

"व्हायरस आहे?"

"छे. डिस्क ठीक आहे, पंखा ठीक आहे." त्याने चालू असलेल्या प्रोग्रामची यादी उघडली आणि सगळ्यात वरच्या नावावर बोट ठेवलं. "हा बघ. अर्ध्याहून जास्त रॅम हा एकटा खातोय. दर पाच सेकंदाला स्क्रीनचा फोटो काढतो आणि पाठवतो. कोणी टाकला हा?"

"कंपनीनेच. मी काम करते की नाही, ते बघायला."

प्रणितला हसू आलं. ती हसली नाही.

"म्हणजे कुंपणच शेत खातंय, वहिनी. तू स्लो आहेस म्हणून चुगली हाच करतो, आणि तुला स्लो पण हाच करतो."

दाराशी बोंबील साफ करत बसलेल्या दगडाबाईंनी, तिच्या सासूने, मान वर केली. "मंग काढ ना त्याला भायेर!"

प्रणितने तो बंद केला. मेघाली खुर्चीत बसली. एक फॉर्म भरला, दुसरा भरला, तिसरा. बोट उचलायच्या आत अक्षर उमटत होतं. म्हणजे तिचा हात चांगला चालत होता, इतके महिने चांगलाच चालत होता. हे कळूनही तिला आनंद असा झाला नाही.

चौथ्या फॉर्मला फोन वाजला. सुपरवायझर कृतिका मॅडम.

"मेघाली, जागेवर नाहीस का?"

"आहे ना मॅडम. आत्ताच तीन फॉर्म पाठवले."

"फॉर्म दिसतायत गं. तू दिसत नाहीयेस. दोन मिनिटांत दिस, नाहीतर आजची गैरहजेरी लागेल."

मेघालीने प्रोग्राम परत सुरू केला. कर्सर पुन्हा अडखळायला लागला.

"आता टाक रॅम," ती म्हणाली.

"अगं, तुला काय मिळणार त्यातलं? सगळं त्याच्याच घशात जाईल."

"जाऊ दे. आधी त्याला पोटभर खाऊ दे. उरेल त्यात मी भागवते."